भाषांतर पाहा

११ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

आईचा नंबर तू बंद केलास, मग माझाही केलास, म्हणून हे टपालाने पाठवतोय. पोस्टाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, एवढ्या लांब कागद कशाला पाठवता? ईमेल करा, लगेच जाईल." मी म्हटलं, "लगेच गेलेलंच नडलंय आमच्याकडे." तिने तिकीट चिकटवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आई बरी आहे. मीही बरा आहे. लिफ्टची कामं अजून घेतो, पण शाफ्टमध्ये उतरत नाही. गुडघे ऐकत नाहीत.

तू शेवटच्या निरोपात लिहिलं होतंस की तुझ्या कामावरच्या एका बाईने तुला तो मजकूर दाखवला. "बघ, लोक किती निर्दय असतात," असं म्हणून. ही निर्दय बाई तुझी आई आहे, हे तिला माहीत नव्हतं आणि तूही सांगितलं नाहीस. मी तुला दोष देत नाही. पण तू फक्त वाचलंस. मी तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसलो होतो, म्हणून काय झालं ते सांगतो.

आईचा तो गट तुला माहीत आहे. किडन्या गेलेले लोक, जगभरातले. ज्याने त्याने आपापल्या भाषेत लिहायचं. खाली 'भाषांतर पाहा' असं बारीक अक्षरात येतं, ते दाबलं की तुमच्या भाषेत. डायलिसिसच्या खुर्चीत हातात सुया घालून तासन् तास पडून राहायचं, तेव्हा वेळ जायला हे बरं होतं. सुरुवातीला गमतीच झाल्या. एका बाईच्या फोटोखाली हिने काळजीने लिहिलं, "किती वाळलीस गं!" तर तिने आभार मानले आणि वर बदाम पाठवला. एकाला सहज लिहिलं, "येऊ एकदा तुमच्याकडे." त्याने विचारलं, कुठल्या महिन्यात, किती जण, आणि मांजर चालेल का. आईला इतकी लाज वाटली की ती पुढे कितीतरी दिवस त्याच्या वाटेला गेली नाही.

तिथेच तो कॅप्टन भेटला. पूर्वी नदीच्या मुखावर फेरीबोट चालवायचा. त्याच्याकडे म्हणे वर्षातले कितीतरी महिने सूर्य दिसत नाही. आई पूर्वी कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर होती हे कळल्यावर तो तिला 'ऑपरेटर' म्हणायला लागला. रोज सकाळी त्याचा निरोप यायचा, "ऑपरेटर, आज किती घोट?" दोघांनाही पाणी मोजून. तो उकडलेलं अंडं उभं ठेवायच्या इवल्या कपात बर्फाचा खडा ठेवून चोखायचा. आईने माझ्याकडून तसाच कप शोधून आणवला. मी चेष्टा करायचो, "या वयात परदेशी कॅप्टन!" ती म्हणायची, "तुम्ही गप्प बसा, तुम्हाला पोट भरून पाणी पिता येतं."

जानेवारीत त्याने लिहिलं, मी मशीन बंद करायचा विचार करतोय. दमलो. तुमचं काय म्हणणं, ऑपरेटर?

आईचा उजवा हात मशीनला होता. डाव्या हाताने तिला लिहिता येत नाही, म्हणून ती मोबाईलला सांगायची आणि तो लिहून घ्यायचा. तिने तो निरोप वाचला, चष्मा काढला, आणि मोबाईल तोंडाशी धरून ओरडली, "बंद करतोयस? मर मग मेल्या! आम्हाला काय, एक कटकट कमी!" पलीकडच्या खुर्चीतला पेशंट दचकला. नर्स हसली. आई डोळे पुसत होती.

बेबी, मोबाईलने शब्द लिहून घेतले. रडणं लिहून घेतलं नाही. पुढे तो कॅप्टन वारला. तो थकलेला होता, वय झालं होतं. त्याचा आईच्या बोलण्याशी काही संबंध नाही.

एकदा फोन कर. नाहीतर दोन ओळी लिही.

— बाबा

३ मार्च

चि. बेबीस,

तुझं पत्र नाही. टपाल रेंगाळलं असेल अशी मी मनाची समजूत घातली आहे.

गटातून आईला काढलं. तो गट चालवणारी एक शिक्षिका आहे, तिने लांबलचक लिहिलं. भाषा इतकी गोड की शेवटपर्यंत वाचल्यावर कळलं, हाकललंय. इतरांनी गोड वगैरे काही लिहिलं नाही. कोणीतरी आईचा फोटो शोधून काढला, माझ्या साठीच्या दिवशी काढलेला. त्याखाली जे लिहिलंय ते मी वाचून बंद केलं. 'भाषांतर पाहा' दाबायची गरजच पडली नाही, हल्ली शिव्या कुठल्याही भाषेतल्या कळतात.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. गाळून उपयोग नाही, तू ती वाचली असणारच. कॅप्टनने आईला उत्तर दिलं होतं. आईला ते तोंडपाठ झालंय, म्हणून मलाही झालंय. "घरातली सगळी माणसं मला मशीन बंद करू नको म्हणून विनवतात. त्यांच्यासमोर मी हो म्हणतो. तुम्ही एकट्याच माझ्याशी खरं बोललात. आता मला जाता येईल. मी तुमचा ऋणी आहे, ऑपरेटर."

आईने ते वाचलं तेव्हा ती घरी होती, पाय बादलीत घालून बसलेली. तशीच उठली. फरशीभर पाणी. "अहो, हा काय म्हणतोय? अहो, याला सांगा काहीतरी!" तिने भराभर लिहिलं, नाही नाही, अरे वेड्या, तसं नाही, मी रागाने बोलले, तू मशीनवर जा. पण त्याने फोन बाजूला ठेवला होता. त्याची मुलं आली होती, त्यांच्यात होता. ते निरोप त्याने उघडलेच नाहीत. आणि तो गेल्यावर लोकांनी ते वर काढून दाखवले : बघा, मरणाऱ्याला ही बाई वेडा म्हणते.

आई आता फार बोलत नाही. पूर्वी दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना फैलावर घ्यायची. परवा भाजीवाल्याने सडकी भाजी घातली, तर घेऊन आली मुकाट्याने. मी म्हटलं, "काही बोलली नाहीस त्याला?" म्हणाली, "काय बोलायचं? शब्द कुठे जाऊन लागेल, सांगता येतं का?"

पायांना सूज आहे. चपला होत नाहीत, माझ्या सपाता घालते. सोमवारी डायलिसिसला गेलो नाही, गाडी मिळाली नाही. शनिवारीही जरा तसंच झालं. काळजी करू नकोस.

— बाबा

१५ मार्च

बाबा,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी बरेच दिवस उघडलं नाही.

तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिताय की भाषांतराने घात केला, आवाज ऐकला असता तर कळलं असतं. बाबा, मी आवाज ऐकलाय. माझं लग्न मोडलं त्या वर्षी मी घरी होते. एका दुपारी मी खोलीतून म्हणाले, मला जगावंसं वाटत नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मर मग, आमच्याही जिवाचा घोर जाईल." तुम्ही बाहेर पेपर वाचत होतात. तुम्ही पान उलटलंत. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तिला तसं म्हणायचं नव्हतं हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून उपयोग झाला नाही. आतून सगळं बुडत असतं तेव्हा माणूस अर्थ शोधत बसत नाही, जो शब्द हाताला लागेल तो धरतो. कॅप्टनने तेच केलं. तेव्हा भाषांतर चुकलं असं मला म्हणवत नाही.

इथे माझं कामच ते आहे. शेवटच्या आजारातल्या माणसाजवळ बसायचं आणि सरळ विचारायचं, तुम्हाला काय हवंय? तो सांगेल ते ऐकायचं. आरडाओरडा नाही, गळ घालणं नाही, शपथा नाहीत. सुरुवातीला मला ते फार कोरडं वाटायचं. आता वाटत नाही.

"गाडी मिळाली नाही" हे तुम्ही मला लिहिताय. समोरच्या नाक्यावर दिवसभर गाड्या उभ्या असतात. आई जात नाहीये का? खरं लिहा. आणि कृपा करून तिच्यावर ओरडू नका. तिला विचारा, तिला काय हवंय. ती जे म्हणेल त्याचा मान ठेवा. तिच्या आयुष्यात कोणीतरी एकदा ते केलं पाहिजे.

नंबर चालू केलाय. पण लगेच फोन करू नका. मला थोडा वेळ द्या.

— बेबी

२ एप्रिल

चि. बेबीस,

तुझं पत्र आलं. मी ते आईला वाचून दाखवलं नाही. ती आंघोळीला गेली होती तेव्हा वाचलं आणि हत्यारांच्या पेटीत ठेवलं.

मी पान उलटलं होतं, खरं आहे. पण त्या दुपारचं एक तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीची कडी निघाली, तुला आम्ही सांगितलं की स्क्रू झिजले. स्क्रू झिजले नव्हते. तू बाहेर गेलीस तेवढ्यात आईने माझ्या हातात पेचकस दिला आणि म्हणाली, "काढा ती. न्हाणीघराचीही काढा." त्यानंतर किती दिवस ती तुझ्या दाराबाहेर चटई टाकून धान्य निवडत बसायची. निवडलेलंच पुन्हा निवडायची. तुला सांगू नका म्हणून मला शपथ घातली होती. का घातली, ते मला समजावता येणार नाही. तोंडाने एक आणि हाताने दुसरं, असंच आमचं आयुष्य गेलं.

आता खरं लिहितो. आई आधी डायलिसिसचा एखादा दिवस चुकवत होती. मी हाताला धरून नेलं की यायची, म्हणजे कुरकुरत का होईना यायची. "ओढा, ओढा, मी काय लिफ्ट आहे अडकलेली?" असं म्हणत यायची. मग तुझं पत्र आलं.

मला वाटलं, तू शिकलेली, रोज हेच काम करतेस, तुझं खरं असेल. मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसलो आणि विचारलं, "तुला काय हवंय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "असं काय विचारताय परक्यासारखं?"

"सांग तर. मी ऐकतोय."

पायातल्या सपाता काढत म्हणाली, "मला नको आता ते मशीन."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. डोकं फिरलंय का तुझं, ऊठ, सपाता घाल, एक थोबाडीत देईन. सगळं गिळलं. म्हटलं, "बरं. तुझी इच्छा."

"बरं," ती म्हणाली. भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवसापासून ती गेलेली नाही.

मधे कॅप्टनच्या बायकोचा फोन आला, समोर चेहरा दिसतो तसला. कुठून नंबर मिळवला माहीत नाही. पांढरे केस, पाठीमागे खिडकी, खिडकीत बर्फ. ती तिच्या भाषेत बोलायची आणि मोबाईलमधली बाई थांबून थांबून आपल्या भाषेत सांगायची. मी घाबरलो होतो, आता ही काय काय बोलते. ती म्हणाली, माझे पती शेवटच्या आठवड्यात शांत होते. इतकी वर्षं बंद असलेला खारवलेला मासा त्यांनी मागून खाल्ला. ऑपरेटरने मला मोकळं केलं असं सारखं म्हणत होते. मी तुमचे आभार मानायला फोन केला.

आईने हात जोडले. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो."

मग म्हणाली, "त्याची बायको रोज त्याला मशीन बंद करू नको म्हणत होती. मीही तेच म्हटलं. तिचं त्याला पटलं नाही, माझं मात्र उलटं पटलं."

डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. रात्री आडवं झालं की तिला धाप लागते, बसूनच झोपते. मी तिचा मान ठेवतोय. मान ठेवणं इतकं जड असतं हे तू लिहिलं नव्हतंस. तुम्ही लोक रोज हे कसं करता?

थोडा वेळ मागितला होतास. तो आता देता येण्यासारखा नाही. टपालाची वाट बघता येणार नाही, म्हणून या पत्राचा फोटो तुझ्या नंबरवर पाठवतोय. ये.

— बाबा

९ मे

चि. बेबीस,

पोचल्याचा निरोप मिळाला. थंडी आहे म्हणतेस, जपून राहा.

तू आलीस ते फार बरं झालं. तुम्ही दोघी त्या दिवसांत काय बोललात ते मी विचारलं नाही, विचारणार नाही. तू तिचे केस विंचरत होतीस आणि ती, "हळू गं, उपटतेस काय," असं म्हणत होती, तेवढं मी दारातून ऐकलं. ती कोणावर तरी चिडली हे ऐकून मला बरं वाटलं.

पण एक गोष्ट तू असताना माझ्याने सांगवली नाही. सांगितली नाही तर मी एकटाच घेऊन बसेन, आणि आपल्या घरात प्रत्येकाने एकेक गोष्ट एकट्याने घेऊन बसण्याचं काय झालं ते आपण बघितलंय.

तू औषधं आणायला खाली गेली होतीस, त्या दुपारची गोष्ट. तिला जरा शुद्ध होती. मला जवळ बोलावलं. आवाज इतका बारीक की कान तोंडाशी न्यावा लागला.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, तुझी इच्छा. कंटाळला होतात ना?"

मी म्हटलं, "अगं, नाही! मान ठेवला मी तुझा."

"मान?" तिला तो शब्दच कळेना. "आपल्यात 'तुझी इच्छा' कधी म्हणतात? माणसावर पाणी सोडलं की म्हणतात. मला वाटलं, ओढत न्याल. दोन-तीनदा सपाता घालून बसलेसुद्धा होते. तुम्ही नाक्यावर गेलात, पाव घेऊन आलात. म्हटलं, दमले बिचारे. आता यांना तरी कशाला त्रास?"

मी तसाच उठलो आणि डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, आत्ता आणतो, आत्ता लावा मशीन. ते म्हणाले, हृदय फार कमजोर झालंय, मशीनवरच काही होऊ शकतं, पण आणायचं असेल तर आणा, प्रयत्न करू. मी तिला विचारलं नाही, सांगितलं. "ऊठ. जायचंय आपल्याला." ती म्हणाली, "नको, राहू दे."

तिचं 'नको' मला चाळीस वर्षं कळत आलंय. नको म्हणजे आग्रह करा, नको म्हणजे अर्धं द्या, नको म्हणजे पुन्हा विचाराल तर भांडेन. सगळं आवाजावर. त्या दुपारी तिच्यात आवाजच उरला नव्हता. मी मोबाईल हातात धरून उभा राहिलो. पलीकडे डॉक्टर "हॅलो, हॅलो" करत होते. तेवढ्यात जिन्यावर तुझी पावलं वाजली. मी फोन ठेवला.

तुझ्यावर ढकलण्यासाठी हे लिहीत नाही. तुझी रीत चुकीची नाही. तुझ्याकडच्या माणसांना तसं विचारलं की त्यांना बरं वाटत असेल, त्या कॅप्टनला बहुतेक तसंच विचारायला हवं होतं. आणि हिच्यावर मी ओरडायला हवं होतं. ज्याला जे हवं होतं ते दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलं.

आता तुझं एक काम आहे. म्हणजे होतं, ते मीच करून टाकलं, पण तुला माहीत असावं.

परवा कॅप्टनच्या बायकोचा निरोप आला, "ऑपरेटर कशा आहेत?" तिला कळवायलाच हवं होतं. तू झोपली असशील, म्हणून मीच लिहिलं : ती गेली.

उत्तर आलं, "कुठे गेल्या? तुम्हाला सोडून? आजारपणात माणसं असं वागतात. धीर धरा, परत येतील."

मी लिहिलं, तिने डोळे मिटले. उत्तर आलं, "झोपू द्या त्यांना. उठल्या की माझा नमस्कार सांगा."

मग मी लिहिलं, ती आता आपल्यात नाही. बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, कळलं. तर लांबलचक मजकूर आला. गटातून त्यांना काढलं हा अन्यायच झाला, मी स्वतः त्या शिक्षिकेशी बोलले आहे, माझ्या पतीच्या वतीने मी सांगितलं आहे की त्यांना परत घ्या. गटातले लोक तयार झाले आहेत. त्यांना ही बातमी लगेच सांगा.

मी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. चहा केला. तो प्यायलो नाही. आपल्याकडे कावळा मरतो, कुत्रं मरतं. घरच्या माणसाला तो शब्द कोणी लावत नाही. नवऱ्याने बायकोला तर नाहीच. तोंडाने उच्चारून पाहिला, जमेना. शेवटी एकेक अक्षर दाबत लिहिलं.

माझी बायको मेली.

पाठवायच्या आधी मी उठून बाहेरचं दार लावून आलो. घरात दुसरं कोण आहे? पण लावून आलो.

तिला लगेच कळलं.

— बाबा